अर्पणाच्या थैलीत खर्रा

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि नेमकं त्याच रविवारी आमच्या ह्यांना मोटरसायकलची काळजी वाटायची. एरवीच्या रविवारी गाडी चोरीला गेली काय आणि जळाली काय, हे आपले पंख्याखाली निवांत. पण पाळकसाहेबांनी टेबलावरच्या भाकरीवरचं पांढरं कापड बाजूला करायला हात घातला, की हे उठलेच. "गाडी पाहून येतो," असं माझ्या कानाशी पुटपुटायचं आणि मान खाली घालून बाहेर. मग सगळी मंडळी पुढे जायची, गुडघे टेकायची, भाकर आणि द्राक्षरस घ्यायची, परत जागेवर यायची. शेवटचं गीत सुरू झालं की हे हळूच आत. गाडी अर्थात जिथल्या तिथे असायची.

एकदा मी म्हटलंच, "अहो, ती गाडी तुम्ही किक मारून मारून चालू होत नाही, तिला चोर कसा नेईल?"

"पेट्रोल काढून नेतेत लोकं," हे म्हणाले. टाकीत पेट्रोल कधी असायचं ते मला माहीत आहे!

खरं कारण मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या चर्चला ठाऊक होतं. खर्रा. नागपूरबाहेरच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागतं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. पानठेलेवाला हे सगळं एका प्लास्टिकच्या पन्नीत घालतो आणि घासत बसतो, घासत बसतो, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून त्याच्याकडे असं पाहत असतं की बायकोकडेही कधी पाहिलं नसेल. मग पन्नीची पुरचुंडी करून वर रबर चढवतात. ती पुडी आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम. बाप्तिस्म्याचा दाखला कुठे आहे विचारलं तर सांगता येत नाही, पण पुडी कुठल्या खिशात आहे ते झोपेतही सांगतील.

हे हिंगण्याच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला. सकाळी कंपनीची बस पकडायची, दिवसभर समोर आलेला एकेक पार्ट मापायचा. मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट, आणि थोडं घासूनपुसून सुधारण्यासारखा असला तर रिवर्क. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकं तसंच होतं. प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब सांगायचे, ज्याने त्याने आपल्या मनाची झडती घ्यावी. बाकीचे लोक डोळे मिटून झडती घेतल्यासारखं करायचे. ह्यांनी ती खरोखरची घेतली आणि स्वतःला बाजूला काढून ठेवलं.

"मी अजून रिवर्कमंदी आहो," म्हणायचे. "खर्रा सुटला का येतो ना टेबलापाशी. असा घाणेरड्या तोंडानं कसा जाऊ वं?"

"कधी सुटणार?"

"सुटून राहिला ना हळूहळू."

माझं तसं नव्हतं. मी महिला संघाची सेक्रेटरी, गायनमंडळात पहिल्या रांगेत, ईस्टरआधीच्या उपासकाळातले सगळे उपास कडक. साबुदाणा-बिबुदाणा नाही, नुसतं पाणी. प्रभुभोजनाला मी सगळ्यात आधी पुढे जायची. माझी झडती मी घेतली की मी दर वेळी पास! रागाचं तेवढं थोडं आहे माझ्यात, पण तो मी रागात धरतच नव्हते. तो स्पष्टवक्तेपणा.

तर हे असं चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते आमच्या मुलीचं दृढीकरण ठरलं तेव्हा. आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, तेव्हा पोराला काही कळत नसतं. मोठं झाल्यावर ते सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने विश्वास कबूल करतं, ते दृढीकरण. त्याच दिवशी त्याला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळतं. आणि आमच्या चर्चची एक रीत आहे: मध्ये मूल, एका बाजूला आई, एका बाजूला बाप, तिघांनी मिळून गुडघे टेकायचे. ज्याला बाप नाही त्याच्या शेजारी काका नाहीतर मामा टेकतो. पण बाप धडधाकट आहे आणि बाहेर गाडी पाहतो आहे, असं आजवर कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं.

मुलीने सरळच विचारलं. ती माझ्यासारखी आहे, आडपडदा नाही. "पप्पा, तुम्ही येणार ना माझ्या बाजूला?"

हे ताटातला भात चिवडत राहिले. मग म्हणाले, "तवापर्यंत पास होतो मी. पाहजो तू."

"आणि नाही झालात तर?"

ह्यांनी ताट सरकवलं. पोरगी उठून आत गेली आणि मी भांडी जरा जोरातच आपटली.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, ह्यांनी खर्रा सोडला. आधीही बरेचदा सोडला होता, पण या वेळी जिद्द होती. सुपारीऐवजी बडीशेप आली, बडीशेपेने भागेना म्हणून लवंग, मग सुकवलेला आवळा, मग संत्र्याची वाळवलेली सालं. दिवसभर गालात काहीतरी कोंबलेलं. कंपनीत म्हणे एवढे पार्ट रिजेक्ट करू लागले की साहेबाने बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. घरी तर विचारायलाच नको. कूलरचा आवाज जास्त येतो म्हणून भांडण, वरणात मीठ आहे म्हणून भांडण. मी आपलं मूग गिळून बसले. मला सवय नाही त्याची, पण बसले.

आता नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ इथून आहे. त्या उपासकाळात महिला संघात मी एक कल्पना मांडली होती. एक वेळचं जेवण सोडायचं आणि त्यातून वाचलेली चिल्लर रविवारच्या अर्पणात टाकायची. घरातल्या कर्त्या पुरुषाने टाकायची, म्हणजे त्यांनाही जरा वळण लागेल. नुसती नाणी खिशात खुळखुळली की उपासनेत लोक वळून पाहतात, म्हणून मी ती पन्नीत घालून, गच्च बांधून, वर रबर लावून ह्यांच्या हातात द्यायची. रबरांना घरात तोटा नव्हता. ह्यांच्या कृपेने माझी कोथिंबीर, पापड, पिना, विजेची बिलं, सगळं खर्र्याच्या रबरातच असायचं.

तर चिल्लरीची पुडी मी दिली ती ह्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. त्या खिशात आधीच दुसरी एक पुडी होती. खायची नाही, नुसती ठेवायची. "खिशात असला का धीर राहते," असं ह्यांचं नंतरचं म्हणणं. आणि आमच्याकडे अर्पणाची थैली म्हणजे मखमलीची, खोल, लांब दांड्याची. कुणी किती टाकलं ते दुसऱ्याला दिसू नये म्हणून बंद मूठ आत घालायची आणि आतल्या आत उघडायची. भाविक माणसं त्या वेळी डोळे मिटतात. आमचे हे भाविकच. डोळे मिटले, खिशात हात घातला, जी पुडी हाताला लागली ती घेतली आणि थैलीत सोडली.

चुकलं आहे हे त्यांना कळलं ते उपासना संपल्यावर. मी मैत्रिणींशी बोलत होते तेवढ्यात हे कंपाउंडच्या भिंतीमागे गेले, इकडेतिकडे पाहिलं, पुडीचं रबर काढलं आणि तळहातावर ओतलं. तर रुपये!

हे सगळं मला फार नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. मी जी भैताडासारखी अंधारात राहिले त्यात तुम्हाला कशाला ओढू?

तिकडे आतल्या खोलीत कमिटीच्या दोघांनी थैली टेबलावर पालथी केली आणि नोटा-नाण्यांमधून खर्रा निघाला. आमचे पाळकसाहेब वयाने लहान, नुकतेच आलेले. उपासकाळाच्या पहिल्या रविवारपासून ते एकच उपदेश करत होते: जे घट्ट धरून ठेवलं आहे ते प्रभूच्या हाती सोडा. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन मटण खायचे. त्यांच्या उपदेशाचं कुणी ऐकलं, असं त्या बिचाऱ्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. पुडी पाहून ते खाली बसले आणि रडले म्हणे.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. पाळकसाहेब पुढे आले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. एका बंधूने आपली बेडी तोडून देवाच्या थैलीत टाकली आहे. मागून कुणीतरी "हालेलूया!" ओरडलं. "मी नाव विचारत नाही," पाळकसाहेब म्हणाले, "पण त्या बंधूला आतून वाटत असेल, तर त्याने उभं राहावं."

कुणी उठेना. शेवटी पाळकसाहेबांनी उसासा टाकला, वळले आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला हात घातला.

आणि आमचे हे उभे राहिले.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! इतक्या वर्षांची पायांची सवय, दुसरं काही नव्हतं त्यात. कापडाला हात लागला की हे पाय उठणारच. पण ते कुणाला ठाऊक? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून तर धारा लागलेल्या. "गाडी..." असं काहीतरी म्हणाले आणि धूम बाहेर पळाले. मागच्या बाकावरच्या बाई मला म्हणाल्या, "किती नम्र हो! कौतुक ऐकायलाही थांबले नाहीत."

त्या दुपारपासून आमच्या घराला उसंत नव्हती. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या रांगाच्या रांगा. गायनमंडळातल्या एकाने चढाओढीने चहा सोडला आणि ते सगळ्यांना सांगत फिरला. दुसऱ्या एका बाईंनी सिरियल सोडली, पण त्या शेवट काय झाला हे सुनेला विचारतात असं कळलं. महिला संघाने मला भाषण द्यायला लावलं. विषय: पतीचं व्यसन प्रार्थनेने कसं सोडवावं. मी दिलंच. चांगलं तासभर दिलं. पहाटे उठून काय म्हणावं, उपास कसा धरावा, नवऱ्याला कुठल्या शब्दांत बोलावं, सगळं मुद्देसूद सांगितलं. बायकांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं.

हे मला सांगायचा प्रयत्न करत नव्हते असं नाही.

"अवं, ऐक तं."

"काही बोलू नका. मला सगळं समजतं."

"तसं नाही ना वं, तो खर्रा..."

"नाव नका घेऊ आता त्याचं. गेला ना? संपलं."

"गेला, पण कसा गेला ते तं..."

"देवाने नेला. तुम्ही मध्ये मध्ये श्रेय घेऊ नका."

असं म्हटल्यावर माणूस काय करणार? हे पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहायचे. मी मुलीला म्हणायची, बघ, पप्पा एकांतात प्रार्थना करतात.

पाळकसाहेबांनी मग ठरवलं की दृढीकरणाच्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, ह्यांनी साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते पुढे उभं राहून सगळ्यांना सांगायचं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. गांधीबागेत जाऊन मुलीसाठी पांढरं कापड घेतलं, ह्यांच्यासाठी नवा शर्ट घेतला. आणि साक्ष मीच लिहून दिली, कारण ह्यांना दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. त्यात माझाही उल्लेख होता. बऱ्यापैकी होता.

जसजसा तो रविवार जवळ आला तसतसे हे वाळत चालले. जेवण जाईना. मुलगी मात्र खुशीत. पप्पा माझ्या उजवीकडे टेकणार की डावीकडे, हे तिने मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. ती हे बोलली की हे तिच्याकडे पाहत राहायचे आणि उठून बाहेर जायचे.

तो दिवस उजाडला. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, सकाळीच भिंती तापलेल्या. पंखे गरम वारा फेकत होते. दृढीकरणाची मुलं-मुली पांढऱ्या कपड्यांत पहिल्या बाकावर. प्रश्नोत्तरं झाली, मुलांनी विश्वास कबूल केला, पाळकसाहेबांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या मुलीचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता आपले बंधू साक्ष देतील."

हे उपदेश करतात त्या पुलपिटपाशी गेले. खिशातून माझा कागद काढला, उघडला, पाहिला. परत घडी केली.

"जय ख्रिस्त," म्हणाले. "माह्या बायकोनं चांगलं लिहून देल्लं आहे. पण हे दुसऱ्याच कोण्या माणसाचं आहे."

मग त्यांनी पुन्हा खिशात हात घातला आणि रबर लावलेली पुडी काढून पुलपिटवर, बायबलच्या शेजारी ठेवली. "हा आजचा आहे," म्हणाले.

पहिल्या बाकावरची पोरं माना उंचावून पुडीकडे पाहू लागली.

"त्या रविवारी मी देवाले खर्रा नाही देल्ला. चुकून गेला. चिल्लर द्याची होती. मंग बाहेर जाऊन खायाले पुडी खोलली, तं अंदर रुपये." मागच्या बाकांवर कुणीतरी फस्सकन हसलं. "हासू नका गा. लय जीव गेला माहा त्या दिवशी. ठेला बी बंद होता. अन् मी उभा राहिलो तो बी काही साक्ष द्याले नाही. गाडी पाहाले चाललो होतो."

आता सगळं चर्च हसत होतं. मी सोडून. माझं तासभराचं भाषण, बायकांच्या मोबाइलमधलं, माझ्या डोळ्यांसमोर फिरत होतं. घरी चला, दाखवते, असं मी मनात म्हणत होते. पण हे थांबले नाहीत, आणि पुढचं जे बोलले ते मीही कधी ऐकलं नव्हतं.

"हे पोट्टी जलमली तवा सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत ठेवली होती. डॉक्टर म्हणे, आजची रात निघाली तं खरं. मी बाहेर बाकड्यावर बसलो अन् देवाले म्हटलं, इले राहू दे, मी खर्रा सोडतो. जिंदगीत हात नाही लावत. सकाळी नर्स बाहेर आली, म्हणे पोरीनं दूध घेतलं. मले इतका आनंद झाला, इतका आनंद झाला... मी धावत ठेल्यावर गेलो अन् खर्रा खाल्ला. अर्धा खाल्ल्यावर याद आली."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही.

"त्यानं त्याचा शब्द पाळला. म्या सकाळपर्यंत बी नाही पाळला. मंग कोणत्या तोंडानं त्याच्या टेबलापाशी जाऊ? दर साली म्हटलं, सोडतो अन् जातो. नाही सुटला. म्हणून आज बी मी बाहेरच उभा राहीन. पोरीले वाईट वाटन. तिची माफी मागतो." आणि हे पुलपिटवरून उतरायला लागले.

माझं काय झालं ते सांगते. त्या दवाखान्यात मीही होते. त्या रात्री मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि पोरगी माझ्या उपासाने वाचली असं मी इतकी वर्षं मनात घट्ट धरून होते. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण होते. आणि इथे हा माणूस, तिचा जीव आपल्या मोडलेल्या शब्दावर टांगलेला आहे असं समजून, महिन्याच्या महिन्याला उन्हात गाडीजवळ उभा राहत होता. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की कुठलं आधी आलं ते कळेना.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून मुलगी उभी राहिली. पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर ओढणी. असं मध्येच उठून बोलायची आमच्याकडे रीत नाही. पण पोरगी कुणाची?

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही खर्रा खाल्ला, मग त्याने मला परत नेलं का?"

हे पायरीवर थबकले.

"सांगा ना. नेलं का?"

"नाही," हे म्हणाले.

"मग?"

पाळकसाहेबांच्या हातात त्या दिवशीचा उपदेश लिहून आणलेला होता. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि सरळ टेबलाकडे वळले. त्यांनी आमच्या चर्चमध्ये केलेला तो सगळ्यात चांगला उपदेश, असं आजही लोक म्हणतात.

खर्रा पुढे सुटला का, हे मला सगळे विचारतात, म्हणून सांगून टाकते. कमी झाला आहे. मध्ये बरेच महिने पूर्ण सुटला होता, मग बहिणीच्या मुलाच्या लग्नात पुन्हा लागला. आता पुन्हा सोडून राहिले आहेत. पुलपिटवरची ती पुडी उपासनेनंतर कुठे गेली ते देव जाणे. कमिटीतल्या एका बुजुर्गांवर माझा संशय आहे. आणि महिला संघाने मला परत भाषणाला बोलावलं नाही.

तर पाळकसाहेबांनी पांढऱ्या कापडाला हात घातला, आणि ह्यांचे पाय दाराकडे वळले. सवयच ती. पण मुलीने बाही पकडली. नवा शर्ट होता, शिवण उसवेल अशी पकडली. दुसऱ्या बाजूने मी गेले. आम्ही तिघे पुढे गेलो आणि गुडघे टेकले. मध्ये मुलगी, अलीकडे मी, पलीकडे हे. चुन्या-तंबाखूचा वास माझ्यापर्यंत येत होता. ह्यांनी दोन्ही हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि पुढे केले. पाळकसाहेब आले. मुलीच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, माझ्या हातावर ठेवला, ह्यांच्या हातावर ठेवला, आणि पुढच्या माणसाकडे गेले.

द्राक्षरस झाला. बाकीचे उठले, मुलगी उठली, मीही उठले. हे उठेनात. मागे लोक थांबलेले. मी सरकून, वाकून ह्यांना कोपर मारलं. "उठा की. लोक वाट बघताहेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, तोंडावर नुसतं नवल.

"अवं," हे हळूच म्हणाले, "त्यानं तं काहीच नाही विचारलं."

"काय विचारायचं होतं?"

"काही बी. मी इतके साल जवाब तयार करून राहिलो होतो."

मी पुन्हा कोपर मारायला गेले आणि थांबले. कारण मलाही तिथे आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. दर महिन्याला मीच आपली, कुणी न विचारता, माझे उपास, माझी सेवा, सगळं सांगत आले होते.

मी परत गुडघे टेकले, ह्यांच्या शेजारी. मागच्यांना थांबावं लागलं थोडं.